दोन्ही एक्सल बदलायचे

बाबा, मी जीप घेतली. जुनी, डिझेलची, चारही चाकांना जोर लागणारी. हे ऐकून तुम्ही आधी भावाकडं पाहिलं असतं आणि "कोणासाठी घेऊन राहिली?" असं विचारलं असतं. माझ्यासाठी घेतली. मीच चालवते. पन्नाशी उलटलेली, सौसरात शाळेचे ड्रेस शिवणारी बाई हिवाळ्यात दगडधोंड्यांच्या नाल्यात गाडी घालायला निघाली आहे. नागपूरकडचे, छिंदवाड्याकडचे हौशी लोक तिथं गाड्या चढवायला येतात, त्यांच्यात मला उतरायचं आहे. घरातल्या सगळ्यांचं कपाळाला हात लावणं झालं. तुमचं तेवढं राहिलं, म्हणून लिहून राहिले.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. पांढुर्णा आता जिल्हा झाला, आपलं क्वार्टर पाडलं, आणि माझा राग मात्र जागच्या जागी आहे. तुम्ही सरकारी जीपचे ड्रायव्हर. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की रविवारी ती आधी आपल्या अंगणात यायची, तुम्ही पाहिल्याशिवाय सौदा व्हायचा नाही. तुम्ही रंगाकडं ढुंकूनही पाहायचे नाही. पोतं अंथरून गाडीखाली शिरायचे, दोन चाकांमधल्या एक्सलच्या गोळ्यातलं, डिफरन्शियलचं, तेल दोन बोटांत चोळायचे आणि हात उन्हात धरायचे. तेलात चमक दिसली की म्हणायचे, "हिचे दात झिजले. वापस करा." मग एक चाक जॅकवर घ्यायचं, टायरवर आणि इंजिनाकडून एक्सलकडं येणाऱ्या शाफ्टवर खडूची रेघ मारायची, वरचं चाक दोन फेरे फिरवायचं आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजायचं. मागचं झालं की पुढचं. दोन्हीकडं आकडा सारखा आला पाहिजे. "सारखा नाही आला तं फोर व्हीलमधी टाकल्यावर पुढचा एक्सल एका चालीनं ओढते, मागचा दुसऱ्या. मंग काही ना काही तुटतेच," हे तुम्ही भोवतीच्या पोरांना समजावून सांगायचे. भावाला तर मान धरून गाडीखाली न्यायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. कप रिकामे होईपर्यंत मला तिथं थांबायची परवानगी होती, म्हणून मी चहा उकळता उकळता आणायची. तुम्हाला कधी कळलं नाही की आपल्या घरचा चहा इतका चटका देणारा का असतो.

आणि तो दिवस. मी चौदा वर्षांची आहे, तुम्ही आत जेवता आहात, जीप अंगणात उभी आहे. मी चढून ड्रायव्हरच्या सीटवर बसते. गिअरच्या बाजूची छोटी दांडी, फोर व्हीलची, हातात धरते आणि ओढते. इंजिन बंदच आहे, बाबा. कोणाचं काहीच बिघडत नाही. तुम्ही खरकट्या हातानं बाहेर येता, दंड धरून मला खाली ओढता, आणि चार मिस्त्री बसलेले असताना म्हणता, "उतर. पोट्टीच्या जातीनं हात लावाची वस्तू हाय का हे?" ते हसतात. तुम्हीही हसता. मारलं असतं तर मी केव्हाच विसरले असते.

मॅट्रिक झाल्यावर तुम्ही भावाला लायसन काढून दिलं आणि मला शिलाई मशीन आणली. रिक्षातून स्वतः उतरवली, पायडलला तेल घातलं, वरून कुंकू लावलं. त्या मशीनवरच माझा संसार चालला, दुकान उभं राहिलं, आज दोन बाया माझ्याकडं काम करतात, आणि ही जीपसुद्धा त्यातूनच आली. पण आभार मानून राहिले असं समजू नका. मशीन दिली ती मला द्यायची म्हणून की अंगणातून उचलून घरात बसवायची म्हणून, हे मला आजही सांगता येत नाही. भावाचं म्हणाल तर तो पुण्यात असतो, भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसून ऑफिसला जातो. स्टेपनी बदलायलाही माणूस बोलावतो. त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं मागितलं नव्हतं, मी मागत होते.

गाडी पाहायला मी बोरगावला गेले. विकणारा माणूस जीपच्या भोवती मला फिरवून राहिला होता, नवा लाल रंग, नवे रुंद टायर, वरती दिव्यांची रांग. "पक्की फोर बाय फोर, ताई. भाऊजीले पाठवून देजा, सगळं समजावून सांगतो." मी पिशवीतून पोतं काढलं आणि जीपखाली शिरले. पन्नाशीच्या गुडघ्यांनी काय म्हटलं ते सोडा. पुढचं चाक जॅकवर घेतलं, रेघ मारली, फिरवलं. चाक फिरलं, शाफ्ट ढिम्म. डिझेल वाचवायला कोणीतरी पुढच्या एक्सलच्या पोटातलं सगळं काढून विकलं होतं आणि दांडी तेवढी शोभेला ठेवली होती. वरून कीर्तन, आतून तमाशा. मी बाहेर निघाले तर तो माझ्याकडं न पाहता माझ्यासोबत आलेल्या दुकानातल्या बाईला म्हणतो, "यायच्या घरी मेकॅनिक हाये का कोणी?" मला इतकी चीड आली की पाणीही न पिता निघाले. तीन गाड्या अशाच नापास केल्या. चौथी मिळाली ती पाहायला अगदीच भिकार होती, पत्रा सडका, सीट फाटकी, पण तेल स्वच्छ आणि दोन्ही शाफ्ट एका आकड्यावर. तीच घेतली.

आता तिला मोठे टायर घालायचे म्हणजे जुने बारीक एक्सल टिकणार नाहीत. मोठं चाक दगडात अडकलं की सगळा पीळ एक्सलवर येतो आणि तो काकडीसारखा मोडतो. म्हणून भारी गाडीचे एक्सल बसवायचं ठरवलं. सावरगावला नदीकाठी एक गॅरेज आहे, तिथला मिस्त्री हुशार असल्याचं ऐकलं होतं. हुशार आहेही. पण आठ दिवसांनी गेले तर त्यानं मागचा एक्सल भारी बसवला होता आणि पुढचा जुनाच ठेवला होता.

"पुढचा?"

"पुढच्याले काई होत नाई, बाई. मागचाच तुटत असते."

"पण दोघांचे दात सारखे आहेत का?"

तो हसला. तेच हसू, बाबा, आपल्या अंगणातलं. म्हणाला, "हे तुमाले नाई समजाचं. घरच्या माणसाले आना, मंग बोलू."

माझ्या घरचा माणूस पाच वर्षांपूर्वी वारला, आणि तो असता तरी त्याला एक्सल आणि अडकित्ता यातला फरक कळला नसता, बिचाऱ्याला. मी पर्समधून कापडावर रेघा मारायचा खडू काढला. जॅक मीच लावला. मागचं चाक दोन फेरे, शाफ्ट चाराच्या थोडा पुढं. पुढचं चाक दोन फेरे, शाफ्ट पाचाच्याही पुढं. दोन्ही आकडे त्याच्याच फरशीवर मोठे करून लिहिले. गॅरेजातले सगळे हातातलं काम सोडून पाहत होते. मिस्त्री खाली बसला, स्वतः पुन्हा मोजलं, आणि उठून म्हणाला, "नाल्यात गिअरबॉक्सच फुटली असती. दोनी बदलाचे, बाई. चूक माही हाय." माणूस खरा निघाला. पुढचा एक्सल त्यानं जोडीचा शोधून आणला आणि मला शेजारी बसवून, एकेक नट दाखवत बसवला.

परवा मी जीप सरावाला म्हणून नाल्यात घातली. छोटी दांडी ओढली. एक चाक हवेत गेलं आणि बाकीच्या तीन चाकांनी दगड धरून गाडी वर घेतली. वर पोचल्यावर मी इंजिन बंद केलं आणि तुमच्या नावानं जे तोंडात आलं ते बोलून घेतलं. एवढं सोपं होतं, बाबा. एका रविवारी मला बाजूला बसवलं असतं तर काय गेलं असतं तुमचं?

हे पत्र कुठं टाकणार. ड्रेसच्या मापांच्या वहीत राहील. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी फरशीवरचे आकडे पाहून झाल्यावर मिस्त्रीनं मला विचारलं होतं, "बाई, हे तुमाले कोनं शिकवलं?" सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "आमच्या बाबांनी. त्यांनी मला लहानपणीच गाडीखाली नेलं होतं." तो म्हणाला, नशीबवान आहात. मी हो म्हटलं. खोटं बोलताना मला फार बरं वाटलं, आणि सगळ्यात जास्त राग त्याचाच येऊन राहिला आहे.