पाइपला बांधलेली तार

दि. ११ मार्च, मंगळवार

चि. धाकट्यास,

दादाचे खूप आशीर्वाद. इकडे बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण ते कोणाचं ऐकतात! गॅरेज आता पोरगा बघतो. मी दारातल्या खुर्चीवर बसून चौथीच्या पुस्तकातल्या कविता म्हणतो. परवा नदीच्या कवितेचं तिसरं कडवं काही केल्या आठवेना. तू असतास तर म्हणाला असतास, "दादा, चाळीस कविता पाठ, आणि पाना कुठे ठेवला ते माहीत नाही!"

तुझ्या बायकोचं पत्र आलं. तू आल्यागेल्याची माफी मागतोस म्हणे, अगदी दूधवाल्याचीसुद्धा. "मी ब्रेक दाबलाच नाही, मोजणीसाहेब माझ्यामुळे गेले." डॉक्टर म्हणतात, विसर वाढतच जाणार.

अरे, मोजणी खात्याची जीप तू चालवायचास, ती साहेबांना घेऊन डोंगरात उलटली, तेव्हापासून बावीस वर्षं तू उलटंच सांगत होतास. "ब्रेक दाबला होता, पेडल तळाला गेलं, पण लागलाच नाही." कोणी मानलं नाही. नोकरी गेली. स्टिअरिंगला तू पुन्हा हात लावला नाहीस. आणि मी नुसता तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.

काल एक जीप आली, रोज डोंगरात खडकांवरून फिरणारी. पोरगा खाली शिरला नि ओरडला, "बाबा, कुठल्या गाढवाने ब्रेकचा पाइप तारेने बांधलाय? घासून भोक पडलंय, ऑइल गळतंय बघा!"

तसलंच एक गाढव मीही होतो.

अपघाताच्या आठवडाभर आधी तू जीप माझ्याकडे आणलीस, तेव्हा तिच्या ब्रेकच्या पाइपला जागेवर धरणारी क्लिप तुटली होती. नव्या क्लिपसाठी बाजारात जावं लागलं असतं. मी आपला कविता गुणगुणत तार पिळली. चार पीळ, चांगली घट्ट. खडकांवर आठवडाभर ती करवतीसारखी चालली असणार. जीप उलटल्यावर तपासणीवाल्यांच्या आधी मी तिच्याखाली शिरलो. पाइप नेमका तारेखाली कापला गेला होता. तार सोडवली, खिशात घातली. त्यांनी लिहिलं, उलटताना दगड लागून पाइप तुटला; म्हणजे चूक तुझीच ठरली.

प्रवास मला झेपत नाही, आणि फोनवर तू मला ओळखत नाहीस. माफी मागू तरी कशी? तू माफ केलंस तरी उद्या तुझ्या लक्षात राहणार नाही.

हे शेवटचं तुझ्या बायकोला. बाई, हे त्याला मोठ्याने वाचून दाखव. विसरला की पुन्हा वाच. दरवेळी तो नव्याने ऐकेल, मला नव्याने शिव्या घालेल. त्याला थांबवू नकोस.

ज्याने ती तार बांधली,
तो तुझा दादा