तळणाच्या तेलाचा साबण

४ जानेवारी
साडूंना पर्यावरणाचा पुरस्कार. गच्चीवर सोलर पॅनल काय लावले, थेट स्टेजवर सत्कार. वर भाषण. बायको म्हणाली, तुम्ही जळताय. मी? त्या माणसावर? मला पृथ्वीची काळजी वाटते. कालपासून वाटते.

५ जानेवारी
विमा कंपनीचा राजीनामा दिला. साहेब म्हणाले, नीट विचार करा. ज्याने जन्मभर लोकांचे क्लेम नाकारले, तो मला विचार शिकवणार.
आयडिया अशी: हॉटेलवाले तळणाचं तेल गटारात ओततात. त्याचा साबण करायचा. सस्टेनेबल. हा शब्द साडूंना धड उच्चारतासुद्धा येत नाही.

१९ जानेवारी
बैठकीच्या खोलीत तेलाचे डबे. हॉटेलवाला फुकट देतो आणि हसतो. अडाणी. बायको म्हणते, पडद्यांना वास लागला. तिला व्हिजन नाही.

२ फेब्रुवारी, सकाळ
पहिला लॉट तयार. रंग तपकिरी, म्हणजे नॅचरल. वास तळलेल्या मासळीचा. ग्राहकाला सवय होईल.

संध्याकाळ
सासूबाईंनी हात धुतले. मांजर त्यांची पाठ सोडेना. म्हणाल्या, जावईबापू, नोकरी बरी होती. ही पिढी अशीच.

२० फेब्रुवारी
जुन्या ऑफिसात साबण वाटले होते. आज सगळे परत आले. कदर नसलेली माणसं.

११ मार्च
हरित उद्योजकांच्या परिषदेला गेलो. परत येतो तर बायकोने डबे ताब्यात घेतलेले. तेल कढत मिठाच्या पाण्याने धुते, गाळते, मग साबण करते. वास गेला. मी म्हटलं, हे आपल्या ब्रँडमध्ये बसत नाही. ती म्हणाली, बाजूला व्हा.

३० एप्रिल
कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पुन्हा साबण मागवला. हातावरचं ग्रीस निघतं म्हणे. आता छापखान्यातूनही ऑर्डर. दूरदृष्टी माझी. बारीकसारीक कामं कुणीतरी बघावीच लागतात.

१५ जून
वर्तमानपत्राच्या बातमीदार बाई आल्या. मी तयारीत होतो. वितळणारा बर्फ, पुढच्या पिढ्या, सगळं पाठ. त्यांनी बायकोला विचारलं, या उद्योगाकडे कशा वळलात? ती म्हणाली, घरात वास मारत होता आणि यांची नोकरी गेली होती.
गेली नव्हती, सोडली होती. मी दुरुस्ती सांगितली. बाईंनी लिहून घेतली नाही.
मग मला विचारलं, आपण काय करता? मी घसा साफ केला. तेवढ्यात बायको म्हणाली, डबे घासतात. चांगले घासतात.
तसं खोटं नाही. तळाशी बसलेलं तेल सहजासहजी निघत नाही. बाईंनी त्याबद्दल सविस्तर विचारायला हवं होतं.