ट्रंकेतले एकोणतीस शर्ट

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा शिवणकाम, अविवाहित, घरात आणि गल्लीत ‘मोठी’ म्हणून ओळखली जाणारी, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि सुई मला अजून पहिल्या झटक्यात ओवता येते. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही, आणून बघावा.

माझ्याकडे जे आहे ते सगळे आईचे आहे. ती सहा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णवाव्या वर्षी गेली. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला एकही कलम पुरे करता येणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, “लिहा, पण थोडक्यात.” प्रयत्न करते.

कलम १. पुढच्या खोलीतले दुकान आणि मागच्या दोन खोल्या माझ्या पश्चात मधल्या बहिणीला मिळाव्यात. अट एकच: दारामागच्या भिंतीतले खिळे उपटू नयेत. त्यांवर आईने घरातल्या प्रत्येकाच्या मापाचे खाकी कागदाचे नमुने टांगले होते. वडिलांचे तर लग्नापासून ते गेले त्या वर्षापर्यंतचे. माप घेताना ती गिऱ्हाइकाला दरडावायची, “श्वास सोडा. पोट आत ओढून कपडे शिवत नाहीत.” मोठमोठे हुद्देवाले तिच्यापुढे निमूटपणे पोट सोडून उभे राहत. आईच्या आजारपणात मधलीने कंबर धरल्याचे सांगून चार महिने तोंड दाखवले नाही आणि पाचव्या महिन्यात दुकानातला आरसा मागायला आली, हे मी विसरलेले नाही. आरसा तिला मिळणार नाही.

कलम २. तो आरसा, पायमशीन आणि आईची मोठी कात्री आमच्याकडे बावीस वर्षे काजबटण करणाऱ्या बाईंना द्यावी. या कात्रीने आईच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. शेवटच्या आठवड्यात तिचा हात हातात घेऊन बसायचे तेव्हा मी तोच चाचपत असे. तो हात मला अजून हवा आहे.

कलम ३. आईच्या खाटेखालची पत्र्याची ट्रंक माझ्या पश्चात धाकट्या भावाला द्यावी. कारण पुढीलप्रमाणे.

धाकटा सव्विसाव्या वर्षी, “जन्मभर लोकांच्या विजारी उसवत बसणार नाही,” म्हणून गिऱ्हाइकांदेखत कात्री आपटून निघाला. आई म्हणाली, “गेलास तर परत पायरी चढू नकोस.” तो चढला नाही. तिला शब्द मागे घेता आला नाही. मात्र दर वाढदिवसाला तिने त्याच्यासाठी एक शर्ट शिवला. माप कुठले? वडिलांचा त्या वयाचा नमुना खिळ्यावरून काढायची. “याला आता पंचेचाळीस लागलं. ह्यांचं पोट पंचेचाळिशीतच सुटलं होतं,” म्हणत कमरेला चार बोटे जास्त सोडायची. असे एकोणतीस शर्ट झाले. शेवटच्याला काजे नाहीत. तोवर तिला दिसेनासे झाले होते.

ट्रंक माझ्याकडे सोपवताना ती म्हणाली, “मी गेल्यावर त्याला दे. बाही लांब झाली तर म्हणावं, आईचं चुकलं.” मी हो म्हटले.

आई गेल्याच्या आठव्या दिवशी धाकटा आला. पायरीखालीच उभा राहिला. “ताई, माझ्याबद्दल काही बोलली का गं?”

मी म्हटले, “नाही.”

तिचे जेवणखाण, औषधपाणी, अंग पुसणे सगळे मी केले. तिने माझ्यासाठी शेवटचे कापड कधी कापले ते मला आठवत नाही. म्हणून मी नाही म्हटले. तो आल्या पावली परत गेला. पाठमोरा अगदी आईच्या अंगलटीचा, काटकुळा. पोट कधी सुटलेच नव्हते. मी वाईट वागले. त्याच्याशी आणि आईशीही.

इथपर्यंत वाचून दाखवले तेव्हा वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. “तुम्ही गेल्यावर ट्रंक मिळेल हो. पण आई काय म्हणाली ते त्यांना कोण सांगणार?”

सबब कलम ३ रद्द. मागच्या रविवारी मी ट्रंक घेऊन धाकट्याच्या घरी गेले आणि सगळे सांगितले. तो एवढेच म्हणाला, “सहा वर्षं, ताई?” त्याने एक शर्ट अंगात घातला. त्यात तो आणखी एक मावला असता. सवयीने माझा हात टाचण्यांकडे गेला. “हात लावू नकोस,” तो म्हणाला. माफ केले असे म्हणाला नाही. मीही मागितले नाही.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. धाकट्याला आता माझ्याकडून काही मिळायचे राहिलेले नाही, म्हणून साक्षीला त्यालाच निरोप धाडला. येईल असे वाटले नव्हते. आज सकाळी तो पायरी चढून आत आला, काखेत शेवटचा शर्ट. माझ्यापुढे ठेवून म्हणाला, “काजं तेवढी कर. बाकी राहू दे.”

सहाही काजे मी हाताने केली. त्यानंतरच हा कागद पुढे घेतला.

स्थळ: दुकान, कापडाचे टेबल.
दिनांक: वर्षाच्या शेवटच्या महिन्याची बारा तारीख.

लिहून ठेवणारी: मोठी (सही)

साक्षीदार १: समोरचे घड्याळवाले (सही)

साक्षीदार २: धाकटा भाऊ (सही. त्यासाठी बाही दोनदा दुमडावी लागली.)