कठडा हवा की नको

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (माझे गुडघे दुखतात, तेव्हा आठांतली दोन अंगं वजा कर.) तुझं ब्लड प्रेशर कसं आहे? इथे सगळ्यांचंच वाढलंय, आणि कारण आहे आपल्या घराखालचा, सगळ्या आळीच्या येण्याजाण्याचा दगडी जिना.

त्याला कठडा नाही हे तुला ठाऊकच आहे. बाबा त्यावरून घसरून पडले तेव्हापासून खिडकीशी बसून आहेत. हाड सांधलं, धीर काही सांधला नाही. जेवणसुद्धा माझ्यावर उपकार केल्यासारखं जेवतात. म्हणून मी नगरपालिकेत कठडा मागायला गेले, तर साहेब म्हणाले, ‘‘बाई, एका घरासाठी कठडा होत नसतो. लोकसहभाग दाखवा.’’ दाखवते म्हटलं. हॉल घेतला, सभा ठेवली. आले दोघं. एक खुर्च्या परत न्यायला आलेला खुर्चीवाला आणि दुसरे पंख्याखाली झोपायला आलेले समोरचे काका. (काका शेवटपर्यंत थांबले, हे मात्र मान्य केलं पाहिजे.)

लोक सभेला येत नाहीत ना, मग आपणच लोकांकडे जावं, असा विचार करून पहिली धाड घातली सलूनवर. सलूनवाल्याचं म्हणणं, कठडा झाला की टवाळ पोरं टेकून बसणार. गिऱ्हाइकाच्या गळ्याला वस्तरा लावून तो विचारी, ‘‘काय, नकोच ना कठडा?’’ आत्या, अशा वेळी कोण हवा म्हणेल? निकाल एकमताने विरोधात गेला. तिथून तडक दातांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथे खुर्चीतल्या प्रत्येकाला मी विचारायची, ‘‘कठडा हवा ना?’’ उत्तर यायचं, ‘‘आ...’’ मी तो बेधडक होकार धरला. दोन्ही निकाल साहेबांपुढे ठेवले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे न बघता परत लावला.

दमून घरी येताना जिन्याच्या मधल्या टप्प्यावर धापा टाकत बसले, आणि डोक्यात प्रकाश पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! इथे तर झाडून सगळे थांबतात. पिशव्या खाली ठेवतात, कमरेवर हात ठेवतात, आणि श्वास परत आला की पहिलं काम म्हणजे जिन्याला शिव्या. दुसऱ्या दिवसापासून मी तिथेच स्टूल टाकलं. मग जी भांडणं जुंपली, काय सांगू! कठडा लोखंडी की लाकडी, डावीकडे की उजवीकडे. हॉलमध्ये झोपलेले काका बाह्या सरसावून उजव्या बाजूचे पुढारी झाले. साहेब पाहणीला आले, तेही अर्ध्यात सलूनवाल्याचा खांदा धरून उभे राहिले, आणि सलूनवाल्याचं मतपरिवर्तन जागच्या जागी झालं. (खांदा अजून दुखतो म्हणे.) साहेब म्हणाले, ‘‘सगळे एकदा हो म्हणा, मी काम लावतो.’’ आणि सगळे हो म्हणालेसुद्धा.

पण हा कालवा वर खिडकीत ऐकू जात होता. आपल्या दारात भांडण आणि आपल्याला कोणी विचारत नाही, हे बाबांना सोसेना. भिंतीला हात लावत, एकेक पायरी चाचपत ते खाली येताना दिसले तेव्हा मी स्टूल सोडून वर धावले. टप्प्यावर पोचले, सगळ्यांवर नजर फिरवली आणि गरजले, ‘‘कठडा हवाय कशाला? मी आलोच ना उतरून!’’

घरी सगळ्यांना माझा निरोप सांग.

तुझी डोकं धरून बसलेली
भाची

ता. क. काम एवढंच, की आता एकटे बाबा अडून बसलेत. त्यांचा कान धरू शकेल असं माणूस जगात एकच, त्यांची थोरली बहीण. मिळेल त्या गाडीने निघ.

ता. क. पुन्हा एकदा. बाबा हल्ली रोज दाढी करून कठड्याविरुद्ध प्रचाराला उतरतात. मी एक पायरी पुढे असते आणि सलूनवाला एक पायरी मागे. काल आल्या आल्या म्हणाले, भूक लागली. तेव्हा ये, पण त्यांची समजूत लगेच घालू नकोस. आधी चार दिवस कडाडून भांड. टप्प्यावर तुझ्यासाठी वेगळं स्टूल ठेवलंय.