उकडलेल्या अंड्यांचा नवस

कुंग पोरी,

उठल्यावर फोन शोधू नकोस, मी नेलाय. तुझ्या साहेबाचा फोन आला होता. म्हटलं, तिला मेकाँगमधल्या मगरीनं नेलंय, दुपारी परत देईल. तो म्हणाला, "काका, काल तर हत्तीनं नेली होती." म्हटलं, "हत्तीकडूनच मगरीनं घेतली."

मग त्यानं खरं ते सांगितलं. खंडणीसाठी चोरांनी कुलूप घातलेली इस्पितळाची संगणक यंत्रणा सकाळी उघडली, तीही त्यांना दमडी न देता. नेटवर्कपासून तोडून तू जी वेगळी प्रत ठेवायचीस, जिला तो 'कुंगचं लोणचं' म्हणून हसायचा, तिच्यातूनच सगळ्या रोग्यांच्या नोंदी परत आल्या. तेव्हा 'माझंच चुकलं, नोकरी सोडते' हे आता पुरे.

चिकट भात आणि भाजलेला मासा झाकून ठेवलाय. आधी खा.

मी देवळात चाललोय. साहेब नवसाला टोपलीभर उकडलेली अंडी बोलला होता, यंत्रं सुरू व्हावीत म्हणून. मीही तेवढीच बोललो होतो, तुला झोप लागावी म्हणून. त्याचा नवस उशिरा फळला. माझा आधीच फळला, तू बूट न काढता घरात येऊन आडवी झालीस आणि मी ओरडलो नाही, तेव्हाच.

तुझा बाप