'वैजनाथ' नावाची फाइल

९ जानेवारी
अपडेटचं बटण मीच दाबलं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर कोपऱ्यात रोज तो चौकोन यायचा, मंजुषा बंद करायची. ती जाऊन दीड महिना झाला. आज पहिल्यांदाच तिच्या खुर्चीत बसलो, चौकोन आला, दाबलं. अर्ध्यावर अडकलं — 'मूळ सीडी घाला.' आता तिचा मराठी टायपिंगचा प्रोग्रामच चालत नाही.
ती लोकांच्या लग्नपत्रिका करून द्यायची, त्या फायलींत एक 'वैजनाथ' नावाची. म्हणजे मी. तारीख ती शेवटची दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या दिवसाची. उघडली तर नुसती चिन्हं, आकडे, उलटसुलट कंस.

१० जानेवारी
शाळेत अर्धी रजा टाकली. कपाट, माळा, पलंगाखालची पेटी. सीडी नाही.

११ जानेवारी
सापडली. रानात.
डिसेंबरात ज्वारीवर पाखरं उतरायला लागली तेव्हा तिच्या खणातल्या सगळ्या सीड्या मीच नेल्या, दोरी ओवून तारेला बांधल्या. चकाकीनं पाखरं बुजतात, आमच्या बेंबळीत सगळेच बांधतात. तिचं काही नजरेसमोर नको होतं, हेही खरं. एकीवर तिच्या अक्षरात पुसटसं — 'मूळ. कुणाला देऊ नये.' ऊन आणि दव खाऊन चरे पडलेत. कॉम्प्युटर ती आत घेतो, घरघरतो, बाहेर टाकतो.

१२ जानेवारी
धाराशिवहून बालाजी आला, कॉम्प्युटर दुरुस्त करतो. "सर, ह्याचा जुना सेटअप आता मिळत न्हाय. नवा टाकून देतो."
"तिच्या फायली?"
"ऱ्हातील की. वाचता येणार न्हाईत." मग म्हणाला, "एवढं काय हाय त्यात? कुणाची तरी पत्रिकाच असंल."
मी चहा दिला. नवा नको म्हणालो.

१३ जानेवारी
जाई विचारते, "पप्पा, आईनं तुम्हाला पत्र लिहिलंय का?"
मलाही तेच वाटतंय. शाळेत एकाच दाखल्यावर दोनदा चुकीची जन्मतारीख टाकली.

१४ जानेवारी
संक्रांत. आम्हाला यंदा सण नाही.

१५ जानेवारी
तेरखेड्याच्या नंदीशचा फोन. त्याच्या फटाक्यांच्या डब्यांची लेबलं मंजुषा करायची. मी अडचण सांगितली.
"अहो भाऊ, वहिनींनी माझ्या कॉम्प्युटरात तोच टाकून दिलाय. अख्खी सीडी उतरवून ठिवलीय."
"तिनं तर लिहिलंय, कुणाला देऊ नये."
"मला म्हणल्या, ह्यांना सांगू नका, लई नियमाचे हायेत." हसला. "या उद्या. पेनड्राइव्ह आणा."

१६ जानेवारी
तेरखेड्याला जाऊन आलो. प्रोग्राम बसला. फाइल उघडायचं धाडस झालं नाही. उद्या जाईला शाळेत जाऊ दे, मग बघू.

१७ जानेवारी
उघडली. पत्र नाही. लग्नाचा बायोडाटा — माझा. उंची, शिक्षण, नोकरी, सव्वा एकर रान. पहिली पत्नी — मयत. मुलगी एक.
खाली अपेक्षा: 'जाईला जीव लावणारी. हे भूक लागली तरी सांगत नाहीत, विचारावं लागतं.'