फोटोंचे धर्मपिता

३ मार्च
गल्लीत मक्याच्या पोळ्या, म्हणजे तोर्तिया, विकणारा एउसेबियो टोपी हातात घेऊन आला. त्याच्या थोरल्या लेकीचा, यारेत्सीचा, पंधरावा वाढदिवस मे महिन्यात. केकचा खर्च उचलायला धर्मपिता, म्हणजे पाद्रिनो, मिळाला, बँडला मिळाला, फुग्यांनाही मिळाला. फोटो तेवढे अनाथ. मी होकार दिला.

त्याला वाटलं, मी फोटोग्राफर लावून देईन. भाडोत्री दृष्टी! स्वतः काढणार. ओफेलिया म्हणाली, "अहो, त्यापेक्षा बर्फाचे धर्मपिता व्हा. बर्फ हलत नाही." आमच्या सौभाग्यवतींचा विनोद स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही.

यारेत्सीची मागणी एकच: मुलगी मोठी झाली म्हणून पप्पा गुडघ्यावर बसून तिचे सपाट बूट काढतात आणि टाचांचे घालतात, तो फोटो. "बाकीचे नाही आले तरी चालतील, पाद्रिनो." बाकीचे नाही आले तरी, म्हणे!

९ मार्च
दोन्सेलेस रस्त्यावर कॅमेरा घेतला. दुकानदाराने विचारलं, "पहिलाच डीएसएलआर का?" अपमान गिळला. सोबतची छोटी लेन्स घ्या, नवशिक्यांना बरी पडते, म्हणाला. प्लॅस्टिक! लोणच्याच्या बरणीचं झाकण बरं. कपाटात दोन जुन्या लेन्स दिसल्या, अस्सल धातूच्या, एक लांब, एक आखूड. "बसतील, साहेब, पण या बॉडीत मोटर नाही. फोकस हाताने लावावा लागेल." ऋषींना दिव्यदृष्टी होती, मोटर नव्हती. दोन्ही घेतल्या.

१७ मार्च
मांजरावर सराव. मांजर अस्पष्ट. चांचल्य हा विषयाचा दोष, लेन्सचा नव्हे.

यारेत्सीचा मामा निकानोर फोटो बघून म्हणाला, "मास्तर, एवढं धुकं कुठे पडलं होतं?" याच्या फोनच्या काचेवर कोळ्याचं जाळं, आणि हा रसग्रहण करतो.

२ एप्रिल
संकल्प: उद्यापासून रोज तासभर रिंग फिरवण्याचा अभ्यास.

३ एप्रिल
उद्यापासून.

४ एप्रिल
अंगठा दुखतो.

११ मे, सकाळ
आज समारंभ. कोट घातला. ओफेलियाने निकानोरलाही फोन आणायला सांगितलंय. हसलो.

१२ मे
वॉल्ट्झ नाच लांब लेन्सने टिपला. मग यारेत्सी खुर्चीवर बसली आणि एउसेबियो तिच्यासमोर गुडघ्यावर. लांब लेन्समध्ये त्याचा एक कान मावला. अशा वेळी अडाणी माणूस गोंधळतो. मी शांतपणे लेन्स बदलायला घेतली. लांब काढली, झाकण लावलं, आखूड बसवली, रिंग फिरवू लागलो, तोच टाळ्या पडल्या. वर पाहिलं तर यारेत्सी उभी, बापापेक्षा वीतभर उंच.

"एउसेबियो, पुन्हा एकदा!" मी ओरडलो. बिचारा डोळे पुसत परत वाकू लागला. यारेत्सीने त्याला दंडाला धरून उठवलं. म्हणाली, "राहू द्या, पाद्रिनो. आत्ताच मोठी झालेय. लगेच परत लहान कशी होऊ?"

रागावली नव्हती. तेच खटकलं.

२० मे
फोटो तपासले. मुलगी सर्वत्र धूसर. मागची खुर्ची मात्र अप्रतिम. वेताची वीण न् वीण मोजून घ्या. ओफेलिया म्हणाली, "खुर्चीचा पंधरावा छान झाला."

२६ मे
तोर्तिया आणायला गेलो. दुकानात पोळ्यांच्या यंत्राच्या वर चौकट टांगलेली: बाप गुडघ्यावर, लेकीचा हात त्याच्या टकलावर, दोघंही रडताहेत आणि हसताहेत. निकानोरच्या फोनमधला. चौकट तिरकी, कोपऱ्यात त्याचा अंगठा. रचनेचं ज्ञान शून्य. त्यात मागे कोणी म्हातारा मान खाली घालून पिशवीत काहीतरी शोधतोय. सगळा फोटो बिघडवलाय त्याने. कोट माझ्यासारखाच.

हा कोण, असं एउसेबियोला विचारलं. त्याने तोर्तिया फडक्यात गुंडाळल्या. मग लेकीच्या धर्मपित्याला द्यावा तो मान देत म्हणाला, "कोंपाद्रे, धाकटीचाही पंधरावा येईलच. बर्फाचं तेवढं तुम्ही बघाल?"

होकार दिला. बर्फाचा अभ्यास उद्यापासून.